वर्सोव्याचे योगेंद्रजी, औंधचे राजे आणि आमची कंबर

आमच्या बचत गटाच्या बैठकीत मागे दोघींचं चांगलंच वाजलं. वीस लिटरचा पाण्याचा कॅन उचलताना एकीच्या कंबरेत उसण भरली होती. एक म्हणाली, सावकाश ताण देणारी आसनं कर. दुसरीची मुलगी जिमला जाते. तिचं म्हणणं, वजन उचलल्याशिवाय पाठ बळकट होत नाही. आम्ही अंधेरीकर, म्हणून उत्तर शोधायला आधी घराजवळच गेलो.

आपल्या वर्सोव्यात, दादाभाई नौरोजींच्या घरात, २५ डिसेंबर १९१८ रोजी योगेंद्रजींनी योगाची संस्था सुरू केली. आज सांताक्रूझला आहे ती हीच योग इन्स्टिट्यूट. योगेंद्रजी मूळचे गुजरातचे मणिभाई देसाई. शाळकरी वयात त्यांना कुस्तीचा भारी नाद! आसनांकडे ते नंतर वळले आणि संसारी माणसाला झेपतील अशी ती सोपी केली. १९३४ साली त्यांच्या पत्नी सीतादेवींनी खास बायकांसाठी योगाचं पुस्तक लिहिलं.

औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांचंही तसंच. सँडो या युरोपातल्या पैलवानाच्या पद्धतीचा व्यायाम त्यांनी सुमारे दहा वर्षं केला, मग ते सूर्यनमस्कारांकडे आले आणि संस्थानातल्या शाळांतही त्यांनी नमस्कार नेले. (आपण दोरीवर वाळत घालतो ती सँडो बनियन याच सँडोच्या नावाची.)

या दोघांच्या गोष्टी वाचल्या तेव्हा आसनवाली खूश झाली. पण आम्हाला एक गोष्ट खटकली. हे दोघेही हळुवार व्यायामाकडे आले ते आधी ताकद कमावून. आपलं उलटं आहे. हंडे, कळश्या, धान्याची पोती, झोपलेलं मूल, हे सगळं आपण उचलतच आलो. पण कसं उचलायचं, हे कुणी शिकवलं नाही. त्याला व्यायामही म्हटलं नाही. तालमीतला मुलगा हलक्या मुद्गलापासून सुरुवात करतो. आपल्या हाती पहिल्या दिवशीच भरलेला हंडा.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीवर मार्गदर्शन दिलं. त्यात आखून दिलेल्या व्यायामाची शिफारस आहे, आणि कंबरेचा पट्टा सरसकट नको म्हटलंय. (आमच्या निम्म्या जणींकडे पट्टा आहे!) व्यायामाचा अमुकच प्रकार सगळ्यांत चांगला, असं ठरलेलं नाही, झेपेल तो नेमाने करायचा. ताणाने आखडलेली कंबर मोकळी होते, हे खरं. पण वीस किलोचा कॅन नुसत्या ताणाने उचलता येत नाही. त्यासाठी वजनाचीच सवय हवी, थोडी थोडी वाढवत नेलेली. वस्तू अंगाजवळ धरायची, गुडघे वाकवायचे, उचलताना कंबरेत पिळायचं नाही.

पायात मुंग्या किंवा बधिरपणा, पायातली ताकद जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं, यातलं काही असेल तर मात्र व्यायाम नाही, आधी डॉक्टर.

आमची ती मैत्रीण आता सकाळी आसनं करते आणि मग स्टुलावर ठेवलेली अर्धी कळशी दहा वेळा उचलते. भरलेला कॅन अजून तिचा मुलगाच आत आणतो.