स्वारगेटच्या पोटातला नकाशा

2019 मध्ये स्वारगेटला मेट्रोच्या कामासाठी खोदताना जमिनीखाली एक जुना बोगदा लागला. भुयारांच्या गोष्टी पुण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जातात, पण हा निघाला पाण्याचा. कधीकाळी कालव्याचे पाणी नेण्यासाठी तो बांधला होता आणि पुढे विसरला गेला. खडकवासल्याहून येणारा मुठा कालवा याच भागातून जातो. वर एसटीचे स्थानक, जेधे चौकातला उड्डाणपूल. खाली जलवाहिन्या, गटारे, विजेच्या केबल. अशा जागी भुयारी स्थानक उभारायचे, तर आधी ते संगणकात बांधून पाहणे भागच होते.

ते कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये बांधायचे, याची वाट मात्र नागपुरात पडली होती.

2015 मध्ये नागपूर मेट्रोसाठी कंपनी स्थापन झाली. 2017 च्या जानेवारीत तिचीच महामेट्रो झाली आणि पुण्याचे काम तिच्याकडे आले. नागपूरच्या अभियंत्यांनी तोवर ‘5डी बिम’ (बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग) स्वीकारले होते. लांबी-रुंदी-उंचीच्या मॉडेलला चौथी मिती वेळेची आणि पाचवी खर्चाची जोडायची, असा त्याचा अर्थ. रेखाटने आणि मॉडेल सांभाळायला बेंटलीची प्रणाली, खर्चासाठी आरआयबीचे आयटू, वेळापत्रकासाठी प्रायमाव्हेरा, हिशेबासाठी एसएपी. त्यांनी एकच सॉफ्टवेअर निवडले नाही, चारांची सांगड घातली. हा निर्णय शहाणपणाचा होता.

अशा सॉफ्टवेअरना स्वतःची कुळे आहेत. 1975 च्या सुमारास चार्ल्स ईस्टमन या अमेरिकी प्राध्यापकाने इमारतीचे संगणकीय वर्णन कसे साठवावे याचा आराखडा मांडला. 1980 च्या दशकात हंगेरीच्या ग्राफिसॉफ्टने आर्किकॅड आणले. रेव्हिट 2000 मध्ये बाजारात आले आणि दोनच वर्षांनी ऑटोडेस्कने ते विकत घेतले. लोखंडी सांगाड्यांसाठी फिनलंडचे टेक्ला नावाजले. बेंटलीचे मायक्रोस्टेशन रस्ते, पूल, रेल्वे आखणाऱ्यांच्या हाती रुळले.

कूळ पाहण्याचे कारण अगदी व्यवहारी आहे. रेव्हिट घडले भिंती, दारे, मजले यांच्या विचारातून. त्याच्या अंतर्गत आरंभबिंदूपासून सुमारे 16 किलोमीटरपलीकडे भूमिती भरवशाची राहत नाही. एखाद्या स्थानकाला त्याची अडचण नाही. पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट ही सुमारे 17 किलोमीटरची, वळणे घेत जाणारी मार्गिका एकसंध आखायची असेल, तर हात दुसऱ्या अवजाराकडे जातो.

अवजार कोणतेही असो, एका नकाशातली गोष्ट दुसऱ्यातल्या गोष्टीला भिडू नये, ही चिंता ट्रेसिंग पेपरवर टी-स्क्वेअरने रेघा ओढणाऱ्या ड्राफ्ट्समनलाही असे. वास्तुरचनेचा कागद, नळांचा कागद, विजेचा कागद प्रकाशाच्या मेजावर एकावर एक ठेवून तुळई आणि नळ कुठे भिडतात ते तो डोळ्यांनी शोधत असे. आता संगणक ते ‘क्लॅश’ काही मिनिटांत दाखवतो. मात्र ज्याची नोंद कुणी केलीच नाही, ते त्यालाही दिसत नाही. शिवाय सल्लागार एका सॉफ्टवेअरवर आणि कंत्राटदार दुसऱ्यावर काम करत असेल, तर एकाचे मॉडेल दुसऱ्याकडे उघडताना तपशील गळतात. त्यावर तोडगा म्हणून आयएफसी ही कुणा एका कंपनीच्या मालकीची नसलेली मांडणी आली. 2013 मध्ये तिला आयएसओ 16739 या नावाने पूर्ण आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्यता मिळाली. सार्वजनिक पैशांतून होणाऱ्या कामात या मांडणीचा आग्रह धरलाच पाहिजे. स्थानक शंभर वर्षे वापरायचे असते, सॉफ्टवेअरची आवृत्ती मात्र काही वर्षांत जुनी होते.

29 सप्टेंबर 2024 रोजी सिव्हिल कोर्ट ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सुरू झाला. त्याच दिवशी स्वारगेट ते कात्रज या सुमारे साडेपाच किलोमीटरच्या भुयारी वाढीव मार्गाची पायाभरणी झाली. याच कात्रजच्या तलावातून नानासाहेब पेशव्यांच्या काळात शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून पाण्याचा नळ आणला गेला. ठिकठिकाणचे त्याचे दगडी उच्छ्वास, म्हणजे हवा खेळती ठेवणारे मनोरे, अजून उभे आहेत. नवे मॉडेल कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये होवो, या नळाची आणि उच्छ्वासांची मोजणी करून ती त्यात पहिल्या दिवशीच भरायला हवी, खोदयंत्र उतरण्याआधी.