मिलिंद महाविद्यालयाचं ‘वाढीचं वर्ष’ कुठलं?

एखाद्या कॉलेजचा इतिहास हा विषय घेऊन तुम्ही गाईडकडे गेलात, तर पहिला प्रश्न ठरलेला असतो: कालखंड कुठला? ‘स्थापनेपासून आजपर्यंत’ असं उत्तर शक्यतो देऊ नका. त्यात फाइल जाड होते, पण शोधायचं काय तेच हरवतं. त्यापेक्षा एकच वर्ष धरा. ते कसं धरायचं, हे औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयावरून बघू.

आधी नकाशा. तेरखेडा म्हटलं की आज लोकांना फटाके आठवतात. पण १९४८ च्या आधी हे गाव निजामाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात होतं, आणि जवळची बार्शी इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यात. बार्शीत १८९७ ला रेल्वे आलेली. तिथला मॅट्रिक झालेला पोरगा पुण्याकडे बघायचा; इकडच्याला पदवी हवी तर हैदराबाद. तिथल्या उस्मानिया विद्यापीठात, म्हणजे १९१८ पासून, शिकवायची भाषा उर्दू. मराठवाड्यात होतं ते औरंगाबादचं सरकारी इंटरमिजिएट कॉलेज. इंटरनंतर घर सोडायचं, नाहीतर शिक्षण सोडायचं. ज्याच्या घरी शेतही नाही, त्याच्यासाठी तर मॅट्रिकच लांब होतं.

१७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान मुक्त झालं. पुढे दोनच वर्षांत, १९५० मध्ये, मराठवाड्यात दोन कॉलेजं निघाली. नांदेडला पीपल्स कॉलेज, स्वामी रामानंद तीर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं, म्हणजे मुक्तिसंग्रामातून आलेल्या माणसांचं. आणि औरंगाबादला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं, जे पुढे ‘मिलिंद’ झालं. दोन्हींच्या नावात ‘पीपल्स’ असल्यामुळे टिपणं काढताना गल्लत होते, सांभाळा.

आता मिलिंदचं वर्ष कुठलं? सोसायटी निघाली १९४५ मध्ये, मुंबईत. तिचं पहिलं कॉलेज सिद्धार्थ, १९४६. औरंगाबादला वर्ग भरले ते जून १९५० मध्ये, छावणीतल्या बराकींत. प्राचार्य म. भि. चिटणीस. इमारतीची कोनशिला बसली १ सप्टेंबर १९५१ ला, राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते. तुम्ही फक्त कोनशिलेचा दगड वाचलात तर कॉलेज १९५१ चं वाटेल. संस्थेची घटना वाचलीत तर १९४५ चं. तारखा सगळ्या बरोबरच आहेत. प्रत्येक कागद वेगळी गोष्ट मोजतो, एवढंच. आम्हा सायन्सवाल्यांना हे नवीन नाही: रीडिंग घेण्याआधी उपकरण काय मोजतंय ते बघायचं असतं.

माझं मत विचाराल तर मी कोनशिलेला फार भाव देणार नाही. पण इमारतीला देईन. कला शाखा बराकीत चालू शकते. रसायनशास्त्राला पाणी, ओटे आणि धूर बाहेर जायला वाट लागते. आणि खेड्यातून येणाऱ्या दलित मुलाला याहून आधी लागतं ते वसतिगृह. शहरात त्याला खोली कोण देणार होतं? म्हणून नागसेनवनात वर्गखोल्या किती झाल्या यापेक्षा राहायच्या खोल्या किती झाल्या, हा आकडा मला जास्त बोलका वाटतो. वाढ म्हणजे पटसंख्या असं धरलंत, तर हे सुटून जातं.

दुसरं दावेदार वर्ष १९५८. त्यामागचं कारण कॉलेजच्या आवारात नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली, मराठवाडा मुंबई राज्यात आला, हैदराबाद शहर आंध्र प्रदेशात गेलं. म्हणजे कॉलेज एका राज्यात आणि त्याचं विद्यापीठ दुसऱ्या. १९५७ मध्ये पालनिटकर समिती नेमली गेली आणि २३ ऑगस्ट १९५८ ला मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. कॉलेजात त्या दिवशी एक वीटही वाढली नसेल, तरी परीक्षा, अभ्यासक्रम, मान्यता हे सगळं घराजवळ आलं. पुढची वाढ बघा: १९६० ला वाणिज्य, १९६३ ला विज्ञानाचं वेगळं कॉलेज, १९६८ ला विधी. त्याच विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळायला मात्र १४ जानेवारी १९९४ उजाडावं लागलं. मधल्या काळात माणसं मेली, घरं जळाली. ‘संस्थेची प्रगती’ या मथळ्याखाली लिहिताना हे गाळू नका.

मी निवडेन ते १९५८ नाही, १९५०च. विद्यापीठ मिळालं ते आधीपासून कॉलेजं होती म्हणून.

तुमच्या तालुक्याच्या कॉलेजवर काम करायचं असेल तर स्मरणिकेपासून सुरुवात करू नका, त्यात सत्कारच जास्त असतात. ऑफिसात जाऊन जुनी प्रवेश-रजिस्टरं मागा. नाव, जात, जन्मतारीख हे रकाने सगळेच बघतात. तुम्ही गावाचा रकाना उतरवून घ्या. तेरखेडा, येरमाळा, वाशी अशी नावं पहिल्यांदा कुठल्या वर्षी दिसतात, आणि त्यात मुलीचं पहिलं नाव कधी येतं, तिथे पेन्सिलीने खूण करा.