घरी येणाऱ्या केअरटेकरवर देखरेख कुणाची?

तानसा परिसरातल्या गावांत अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं सगळं आजही बहुधा सून, मुलगी किंवा थकलेली बायकोच करते. मुलं नोकरीसाठी कल्याण-ठाण्याला गेली की मात्र ब्युरोला फोन करावा लागतो. मग कुणी मावशी, मामा, आया किंवा केअरटेकर घरी येते. शहरात बारा-बारा तासांच्या पाळ्या लावता येतात. शहापूर-मुरबाडच्या आतल्या गावांत, जिथे एसटीच्या फेऱ्याच मोजक्या, तिथे एकच माणूस चोवीस तास राहतो. रात्रभर जागलेल्या माणसाच्या हातून सकाळी औषध चुकणारच, तेव्हा त्याच्या झोपेचे तास आधी ठरवलेले बरे.

या सेवेला सरकारी परवाना लागतो का? डॉक्टर आणि नर्स यांची परिषदेकडे नोंदणी असते. महाराष्ट्रात खासगी रुग्णालयांना 1949चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा लागू आहे. घरी माणूस पुरवणाऱ्या ब्युरोसाठी मात्र दर्जा ठरवणारा असा वेगळा कायदा नाही. ज्येष्ठ नागरिकांच्या 2007च्या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक डिसेंबर 2019मध्ये लोकसभेत मांडलं गेलं. घरपोच सेवेसाठी किमान निकष, प्रशिक्षित आणि पोलीस पडताळणी झालेले कर्मचारी अशा तरतुदी त्यात होत्या. ते मंजूर झालं नाही आणि 2024मध्ये लोकसभेची मुदत संपल्यावर बाद झालं. ब्युरोवाले दाखवतात तो गुमास्ता परवाना धंद्याचा असतो, सेवेच्या दर्जाशी त्याचा संबंध नाही.

म्हणून तपासणी घरच्यांवरच येते. पहिला प्रश्न, आलेली व्यक्ती नर्स आहे की मदतनीस? अंघोळ, जेवण, डायपर, कूस बदलणं ही मदतनिसाची कामं. इंजेक्शन देणं, लघवीची किंवा नाकातली नळी बसवणं हे नर्सचं काम, आणि नर्स म्हणवणाऱ्या व्यक्तीकडे महाराष्ट्र परिचर्या परिषदेचा नोंदणी क्रमांक असायला हवा. 'सगळं येतं' हे उत्तर पुरेसं नाही. आधार कार्डची प्रत आणि पोलीस पडताळणी ब्युरोकडे मागा.

काम नीट होतंय का, हे रुग्णाच्या पाठीवर दिसतं. एकाच कुशीवर पडून राहिलं की माकडहाड, खुबा आणि टाचांवर जखमा होतात. सुरुवातीला नुसता लाल चट्टा असतो, बोटाने दाबूनही तो फिका होत नाही. सावळ्या त्वचेवर लाली पटकन दिसत नाही, म्हणून ती जागा गरम किंवा कडक लागते का, हे हाताने पाहावं. साधारण दर दोन तासांनी कूस बदलायला हवी. जेवण बसवून भरवावं. आडवं ठेवून भरवलं तर घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. औषधाची वेळ, कूस बदलल्याची वेळ आणि लघवी-शौच वहीत लिहायला लावा. लांब राहणाऱ्या मुलाला त्या पानाचा फोटो रोज मागवता येतो. माणूस अचानक दिवसभर गुंगीत राहू लागला, दंडावर वळ दिसले किंवा केअरटेकरसमोर बोलेनासा झाला, तर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.

सत्तरीपुढच्यांना मिळणारं आयुष्मान कार्ड रुग्णालयातल्या उपचारांसाठी आहे, केअरटेकरचा पगार त्यातून निघत नाही. मात्र वृद्धांसाठीच्या राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमात अंथरुणावरच्या ज्येष्ठांना घरी भेट देणं हे आरोग्य कर्मचाऱ्यांचं काम धरलं आहे. आशाताईंमार्फत उपकेंद्रात तशी मागणी करता येते.

मारहाण किंवा चोरी झाली तर 112. ज्येष्ठांसाठी मोफत हेल्पलाइन 14567. पैसे घेऊन सेवा नीट दिली नाही तर ग्राहक हेल्पलाइन 1915, किंवा थेट जिल्हा ग्राहक आयोग. त्यासाठी पावती आणि लेखी करार जपून ठेवा, रोखीच्या व्यवहारात इथेच घोडं अडतं. असहाय माणसाची देखभाल करायचा कायदेशीर करार करून ती जाणूनबुजून टाळणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 357नुसार गुन्हाही आहे: तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.