खिडकी एक, बघणारे अनेक : 'रिअर विंडो' कोणाच्या मालकीची?

आजचा एपिसोड एका खिडकीबद्दल आहे. स्पॉयलर थोडे येतील, पण सिनेमा १९५४ चा आहे, त्यामुळे समजून घ्या.

अल्फ्रेड हिचकॉकचा 'रिअर विंडो'. गोष्ट चार ओळींत सांगतो. न्यूयॉर्कमधला एक फोटोग्राफर, पाय मोडलाय, प्लास्टर घालून घरात अडकलाय. टाइमपास म्हणून तो मागच्या चौकापलीकडच्या शेजाऱ्यांच्या खिडक्यांत बघत बसतो. एक दिवस त्याला वाटायला लागतं की समोरच्या माणसाने बायकोचा खून केलाय. पुरावा शून्य.

यासाठी हिचकॉकने पॅरामाउंट स्टुडिओत तीसहून जास्त फ्लॅट असलेला आख्खा सेट उभा केला. आणि मग स्वतःवर एक बंधन घालून घेतलं: कॅमेरा जवळजवळ पूर्ण वेळ हीरोच्या घरातच राहणार. आधी हीरोचा चेहरा, मग त्याला काय दिसतं ते, मग पुन्हा चेहरा. बस. हीरोला जेवढं माहीत, साधारण तेवढंच आपल्याला माहीत. म्हणजे खून झाला की नाही हे आपणही त्याच्यासोबत खिडकीतूनच ठरवत बसतो. दुसऱ्याच्या घरात डोकावणं बरं नाही हे कळत असतं, तरी नजर हटत नाही.

आता हे बंधन पुढे कुठे कुठे गेलं बघा. १९६६ मध्ये अँतोनिओनीच्या 'ब्लो-अप'मध्ये एक फोटोग्राफर स्वतःचेच फोटो मोठे करत जातो आणि त्यात त्याला खून दिसल्यासारखा वाटतो. १९७४ मध्ये कोपोलाच्या 'द कॉन्व्हर्सेशन'मध्ये बघण्याच्या जागी ऐकणं आलं: हीरो चोरून संभाषणं रेकॉर्ड करणारा. १९८४ मध्ये ब्रायन डी पाल्माने 'बॉडी डबल'मध्ये तर हिचकॉकचं उसनं उघडउघड घेतलं. १९९४ मध्ये 'द सिम्पसन्स'मध्ये बार्टचा पाय मोडला आणि तो दुर्बीण घेऊन खिडकीत बसला. २००७ च्या 'डिस्टर्बिया'मध्ये प्लास्टरच्या जागी पोलिसांनी पायाला बांधलेला ट्रॅकर आला. आणि २०१८ मध्ये अनीश चगंतीच्या 'सर्चिंग'मध्ये खिडकीची जागा लॅपटॉप आणि फोनच्या स्क्रीनने घेतली.

मग प्रश्न येतो: ही चोरी आहे का? गंमत म्हणजे हा प्रश्न खरोखर कोर्टात गेला. तोही दोनदा.

मुळात 'रिअर विंडो' ही हिचकॉकचीही कल्पना नव्हती. कॉर्नेल वूलरिच नावाच्या लेखकाची १९४२ ची कथा होती. त्याने फिल्मचे हक्क विकले आणि मुदत संपली की कॉपीराइट रिन्यू करून पुन्हा देईन असं कबूल केलं. पण रिन्यूअलच्या आधीच, १९६८ मध्ये तो वारला. पुढे शेल्डन अबेंड नावाच्या एजंटने त्या कथेचे हक्क ६५० डॉलर आणि कमाईतल्या वाट्यावर विकत घेतले. बरीच वर्षं बाजारातून गायब असलेला सिनेमा १९८३ मध्ये परत थिएटरात आला आणि अबेंडने दावा लावला. १९९० मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने त्याच्या बाजूने निकाल दिला: मूळ कथेच्या हक्कदाराला डावलून सिनेमा वापरत राहता येणार नाही. एवढा मोठा सिनेमा, पण त्याची एक डिपेंडन्सी दुसऱ्याच्या नावावर होती!

दुसरी केस 'डिस्टर्बिया'वर. अबेंडच्या ट्रस्टने दावा केला की ही त्याच कथेची नक्कल आहे. २०१० मध्ये न्यायाधीशांनी तो फेटाळला. कारण साधं होतं: घरात अडकलेला माणूस खिडकीतून शेजाऱ्यावर नजर ठेवतो, ही नुसती कल्पना आहे. कल्पनेवर कुणाची मालकी नसते. ती कशी मांडली, त्यावर असते.

मला हे दोन्ही निकाल बरोबर वाटतात, आणि एकत्र वाचावेसे वाटतात. वूलरिचच्या कथेत ग्रेस केलीने साकारलेली प्रेयसी नाहीच. ती, तो चौक, एकेका खिडकीतलं एकेक आयुष्य, हे सगळं सिनेमाने त्या कल्पनेवर नव्याने बांधलं. पुढच्यांनीही तेच केलं. ज्यांनी फक्त दुर्बीण उचलली त्यांचा गमतीदार सीन झाला. ज्यांनी बघणाऱ्यालाच प्रश्न विचारला, ते सिनेमे टिकले.

कारण खरा वारसा तो प्रश्नच आहे. शेवटाकडे समोरचा माणूस आपल्यावर नजर असल्याचं ओळखतो आणि मान वर करून सरळ कॅमेऱ्यात बघतो. मग तो घरात शिरतो आणि हीरोला विचारतो, तुला माझ्याकडून हवंय तरी काय? इतके दिवस दुसऱ्याचं घर बघत बसलेल्या हीरोकडे उत्तर नसतं.

आज रात्री अनोळखी लोकांच्या स्टोरीज स्क्रोल करताना, त्यातल्या एकाने असंच वर बघून विचारलं तर? तुमच्याकडे उत्तर असेल तर मला नक्की कळवा. माझ्याकडे अजून नाहीये. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये.