बोरी, भीमा आणि उलटलेली कयाक

मी मूळचा नळदुर्गचा. धाराशिव जिल्हा (2023 पर्यंतचा उस्मानाबाद) म्हटलं की लोकांना दुष्काळ आठवतो, आणि ते काही खोटं नाही. आमच्याकडे पोरं पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकतात, तेही विहिरीला पाणी असेल त्या वर्षी. उसळतं पाणी बघायचं तर एकच जागा, किल्ला. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, 1613 च्या सुमारास, तिथे बोरी नदीवर दगडी बंधारा बांधला गेला. त्याच्या पोटात पाणीमहाल आहे. बोरीला पूर आला की बंधाऱ्यावरून नर आणि मादी असे दोन धबधबे कोसळतात आणि महालात उभा असलेला माणूस मात्र कोरडा!

त्यामुळे पुण्यात इंजिनिअरिंगला असताना कॉलेजने कोलाडला दोन दिवसांचा कयाकिंगचा कोर्स ठरवला, तेव्हा मी सगळ्यात आधी नाव दिलं. विहिरीत पोहणारा माणूस, म्हटलं नदीला काय घाबरायचं?

पहिला दिवस शांत पाण्यात. कमरेभोवती स्प्रे-स्कर्ट नावाचा रबरी घागरा घालून तो कयाकच्या तोंडावर घट्ट बसवायचा, की आत पाणी येत नाही. मग मुद्दाम उलटायचं. पाण्याखाली डोकं खाली, पाय आत अडकलेले. पुढे वाकून घागऱ्याची पट्टी ओढायची आणि बाहेर पडायचं, एवढंच. मी पट्टी सोडून पाण्यालाच ओढत बसलो. सरांनी उचलून वर काढलं. विहिरीची सगळी मस्ती तिथे उतरली.

उलटलेली कयाक आत बसल्याबसल्या सरळ करायची विद्या मूळची ग्रीनलंडच्या इनुइट शिकाऱ्यांची. बर्फाळ समुद्रात होडीबाहेर पडणं म्हणजे मरण, म्हणून ती हवीच. युरोपात ती हान्स पावलाता या ऑस्ट्रियन माणसाने 1927 मध्ये जमवली. हे साल लक्षात ठेवा.

संध्याकाळी मी सरांना विचारलं, भर मे महिन्यात कुंडलिकेला एवढं पाणी कुठून येतं? उत्तर माझ्या पार्टनरने दिलं. तो मुळशीकडचा. म्हणाला, "आमच्या धरणातून. माझ्या पणजोबांचं शेत त्याच्या तळाशी आहे."

मुंबईच्या गिरण्या आणि रेल्वेला वीज हवी म्हणून टाटांनी मुळा नदी मुळशीला अडवली. तिथलं पाणी सह्याद्रीवरून सुमारे 500 मीटर खाली भिऱ्याला सोडायचं, टर्बाइन फिरवायचं आणि कुंडलिकेत सोडून द्यायचं. शेतकऱ्यांनी 16 एप्रिल 1921 ला, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले ते याच लढ्यात. धरणविरोधी आंदोलनाचं इतकं जुनं उदाहरण जगातही फारसं सापडत नाही. 1924 मध्ये बापटांनी रेल्वे अडवली, त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि लढा संपला. भिऱ्याचं वीजकेंद्र सुरू झालं 1927 मध्ये. हो, तेच साल.

आता नकाशा बघा. मुळेचं पाणी खरं तर पुण्यावरून भीमेत जायचं. आमची बोरीसुद्धा पुढे भीमेलाच मिळते. म्हणजे मी ज्या लाटांवर कयाक शिकत होतो, ते पाणी मूळचं भीमा खोऱ्यातलं, पूर्वेला जाणारं, घाट उतरवून अरबी समुद्राकडे वळवलेलं. दुष्काळी खोऱ्यातला पोरगा आपल्याच खोऱ्याच्या पाण्यात फी भरून गटांगळ्या खात होता!

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी सुटलं. आदल्या दिवशी गुडघाभर असलेली नदी बघता बघता फेसाळली. सरांचा एकच मंत्र: खडकाआडच्या शांत पाण्यातून धारेत शिरताना प्रवाह जाईल तिकडे झुका, उलट झुकलात की गेलात. मी तीनदा उलटलो. रोल काही जमला नाही, पण तिन्ही वेळा पट्टी सापडली. पार्टनर मात्र सहज निघून गेला. काठावर बसून त्याने ओंजळभर पाणी उचललं, बघितलं आणि सोडून दिलं. मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं काही नव्हतंच.

असो. तुम्ही वीकेंडला कोलाडला जात असाल तर जरूर जा, मजा येते. फक्त एकदा काठावरच्या कुणाला तरी विचारा, हे पाणी कुठून येतं. आणि पावसाळ्यात बोरीला पूर आल्याचं कळलं, तर नळदुर्गलाही या.