घोड्याच्या पाठीवरून आकृत्यांच्या पानाकडे

नाशिकला लष्कर नवं नाही. देवळालीत तोफखान्याचं विद्यालय आहे, नाशिकरोडला तोफखाना केंद्र आहे, आणि आसपासच्या गावांतल्या म्हाताऱ्यांनाही तोफांच्या सरावाचा आवाज ओळखीचा आहे. पण गावात छावणी असणं वेगळं आणि गावातली पोरं अधिकारी म्हणून निवडली जाणं वेगळं. या दुसऱ्या कामासाठी नाशिकनं नव्वदएक वर्षं जी खटपट केली, ती नीट लिहून ठेवायला हवी. ती एका संस्थेची नाही. एका संस्थेनं सुरू केलेलं काम दुसरीनं पुढं नेलं आणि आता तिसरी नेते आहे.

सुरुवात डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे यांच्यापासून. भारतीय तरुणांना अधिकारी करण्यासाठी देशातच विद्यालय कसं काढावं हे ठरवणाऱ्या चेटवूड समितीवर १९३१मध्ये ते सदस्य होते. १९३२मध्ये डेहराडूनची अकादमी सुरू झाली. पहिल्या तुकडीत ४० जण होते. त्यातले काही थेट स्पर्धेतून आले, बाकीचे सैन्यातून आणि संस्थानी फौजांतून. दार उघडलं, पण त्या दारापर्यंत पोचण्याची तयारी आपल्या मुलांची कुठे होती? मुंज्यांनी १९३५मध्ये नाशिकला सेंट्रल हिंदू मिलिटरी एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९३७मध्ये भोंसला मिलिटरी स्कूल उभं केलं. रामभूमीच्या आवारात घोडेस्वारी, नेमबाजी, कवायत, पहाटेची शिस्त असं सगळं सुरू झालं. १९३१मध्येच मुंजे इटलीत मुसोलिनीला भेटले होते आणि तिथल्या युवक संघटनांनी भारावून गेले होते, हे या इतिहासातून वगळू नये. त्या भारावण्यात धोका होता, असं माझं स्पष्ट मत आहे. पण दाराशी पोचवणारी शाळा हवी, हे त्यांचं निदान मात्र बरोबर होतं.

त्यांना जाणवलेली उणीव मुख्यतः शरीराची आणि शिस्तीची होती. शाळा उभी राहून सहा वर्षं होतात न होतात, तोच दाराचं कुलूपच बदललं.

झालं असं, की दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याला हजारोंनी अधिकारी हवे होते. जुनी पद्धत मुलाखतीची होती: कुठल्या शाळेत शिकलास, वडील काय करतात, कुठला खेळ खेळतोस. अशा मुलाखतीतून निवडलेले बरेच उमेदवार पुढे प्रशिक्षणात नापास होऊ लागले. तेव्हा १९४२मध्ये ब्रिटनमध्ये मानसशास्त्रज्ञांना बरोबर घेऊन नवी निवड मंडळं नेमली गेली. जर्मन सैन्यात अशा चाचण्या आधीपासून होत्या, त्यांच्याकडूनही बरंच उचललं गेलं. जॉन रेव्हन यांची आकृत्यांची चाचणी १९३८मध्ये प्रसिद्ध झाली होती, ती आता भरतीत वापरात आली. आकृत्यांच्या मांडणीत एक जागा रिकामी, तिथे कुठली आकृती बसेल ते सांगायचं. वडील कोण, हे त्या कागदाला कळत नव्हतं. मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

भारतात हीच पद्धत १९४३मध्ये डेहराडूनला प्रयोग म्हणून आली. स्वातंत्र्यानंतर १९४९मध्ये संरक्षण खात्यानं मानसशास्त्रीय संशोधनाचा विभाग काढला. आज तो डीआयपीआर म्हणून ओळखला जातो आणि एसएसबीच्या, म्हणजे सेवा निवड मंडळाच्या चाचण्या तोच तयार करतो. एनडीएची, म्हणजे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, लेखी परीक्षा ९०० गुणांची आहे आणि एसएसबीही ९०० गुणांची. लेखीत तर्काचा वेगळा पेपर नसतो. तो भेटतो एसएसबीच्या पहिल्याच दिवशी, ओआयआर (ऑफिसर इंटेलिजन्स रेटिंग) नावानं.

ओआयआरचे दोन भाग असतात, एक शब्दांचा आणि एक आकृत्यांचा. प्रश्न अवघड नसतात. ३, ७, १५, ३१, पुढे काय? दुप्पट करून एक मिळवायचा, ६३. दहावीचा मुलगाही सोडवेल. अडचण वेळेची असते, एका प्रश्नाला अर्ध्या मिनिटाच्या आसपास. त्यानंतर एक अंधुक चित्र ३० सेकंद दाखवतात, चार मिनिटांत त्यावर गोष्ट लिहायची आणि मग गटात चर्चा करायची. ओआयआर आणि या चित्रगोष्टीचा एकत्र विचार होतो आणि ज्यांचे छाती क्रमांक पुकारले जात नाहीत ते त्याच दिवशी परतीच्या वाटेला लागतात. ही पहिल्या दिवसाची चाळणी १९९८पासूनची. त्याआधी सगळेच शेवटपर्यंत थांबत.

आपल्या मुलांची गाडी इथेच अडते. बुद्धीची कमतरता हे त्याचं कारण नाही. चाचणी मराठीत नसते. सिन्नर, निफाड, कळवणकडचा मुलगा 'अ हा ब च्या मेहुण्याचा भाचा' असला प्रश्न मनातल्या मनात आधी मराठीत आणतो, मग नाती जुळवतो. तोवर शेजारचा तीन प्रश्न पुढे गेलेला असतो. आकृत्यांच्या भागात हाच मुलगा त्याच्या बरोबरीला येतो, कारण वळवलेल्या त्रिकोणाला भाषा लागत नाही.

या जागी नाशिकरोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्राचं काम सुरू होतं. राज्याच्या सैनिक कल्याण विभागाचं हे केंद्र. एनडीए किंवा सीडीएसची (संयुक्त संरक्षण सेवा) लेखी परीक्षा पास झालेले, एनसीसीच्या 'सी' प्रमाणपत्रावर एसएसबीसाठी शिफारस मिळालेले, तांत्रिक शाखेतून बोलावणं आलेले युवक-युवती इथे दहा दिवस राहतात. राहणं, जेवण, शिकवणं, सगळं विनामूल्य. एसएसबी कोर्सच्या क्रमांकानं पन्नाशी केव्हाच ओलांडली आहे. वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळींची बातमी येते, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मुलाखत होते, आणि मुलगा बॅग घेऊन नाशिकरोडला उतरतो.

दहा दिवसांत तर्कशक्ती तयार होत नाही. कुणी तसं सांगून पैसे मागत असेल तर त्याच्या दारात उभं राहू नये. दहा दिवसांत अनोळखीपणा जातो. प्रश्नाचा साचा ओळखीचा झाला की वेळ साचा समजून घेण्यात जात नाही, उत्तरात जातो. एवढं झालं तरी पुष्कळ. पोहता येणाऱ्यालाही नव्या नदीचा उतार एकदा बघावा लागतो.

शिवाय ओआयआर हा नुसता उंबरठा आहे. एसएसबी ज्या १५ गुणांवर माणूस जोखते, त्यात तर्कशक्ती हा एक स्वतंत्र गुण आहे, आणि तो पाचही दिवस पाहिला जातो. मनसा मानसशास्त्रज्ञ बघतात, वाचा मुलाखत घेणारे अधिकारी, आणि कर्मणा मैदानावरचे जीटीओ, म्हणजे गट चाचणी अधिकारी. मला यात सर्वांत बोलका वाटतो तो गट नियोजनाचा प्रकार. टेबलावर मातीचा नकाशा असतो: नदी, पूल, रेल्वेरूळ, दवाखाना. समजा, दुपारचे तीन वाजलेत. तुम्ही आठ जण आहात, जीप एकच. एका लाकूडतोड्याला साप चावलाय आणि दवाखाना १२ किलोमीटरवर. तीन किलोमीटरवर रुळाची फिशप्लेट, म्हणजे रूळ जोडणारी पट्टी, काढलेली आहे आणि ३ वाजून ४० मिनिटांनी गाडी तिथे पोचणार आहे.

पहिल्यांदा हा प्रश्न बघणारे बहुतेक जण जीप रुळाकडे पळवतात. गाडीत शेकडो माणसं, म्हणून ते संकट मोठं. पण दोन धावणारी पोरं ताशी नऊ किलोमीटरनं निघाली तर ३ वाजून २० मिनिटांनी रुळावर पोचतात आणि लाल कापड हलवायला वीस मिनिटं शिल्लक उरतात. साप चावलेल्या माणसाला धावत नेता येत नाही. जीप त्याची. ताशी ३६च्या वेगानं तोही ३ वाजून २० मिनिटांनी दवाखान्यात. दोन्ही संकटं एकाच वेळी सुटतात आणि उरलेले पोलीस चौकीकडे निघतात. हा हिशेब पाचवीतला आहे. तो ओरडाआरड्यात, सात अनोळखी मुलांसमोर, मोडक्या इंग्रजीत किंवा हिंदीत मांडता आला तर तो अधिकारी. मांडताना 'माझंच खरं' असं न करता दुसऱ्याची चांगली सूचना त्यात बसवता आली तर आणखी चांगलं. आकृत्यांचं पान हे सांगू शकत नाही, म्हणूनच त्या पानावर निवड संपत नाही.

या वाटेवर मुली उशिरा आल्या. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२१च्या अंतरिम आदेशानंतर त्याच नोव्हेंबरात त्या एनडीएच्या लेखीला बसल्या. पुढच्या वर्षी १९ जणी खडकवासल्यात दाखल झाल्या आणि ३० मे २०२५ला त्यांच्यातल्या १७ जणी संचलन करून बाहेर पडल्या. छत्रपती संभाजीनगरात मुलांसाठी राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७पासून होती. मुलींसाठी तशी संस्था काढायची वेळ आली तेव्हा गाव ठरलं नाशिक, साल २०२३. मुंज्यांच्या शाळेनंतर शहाऐंशी वर्षांनी.

महाराष्ट्रात एसएसबीचं केंद्र नाही. भोपाळ, बेंगळुरू, प्रयागराज असं कुठेतरी जावं लागतं. छात्रपूर्व केंद्रातून निघालेली मुलं नाशिकरोड स्टेशनवरूनच भोपाळकडची गाडी धरतात. हातात कागदपत्रांची फाइल, डब्यात घरच्या चपात्या. त्यातली काही पुढच्या वर्षी याच फलाटावर पुन्हा दिसतात, दुसऱ्या खेपेला निघालेली, आणि पहिल्यांदा जाणाऱ्यांना सांगत असतात की शब्दांच्या भागात नात्यांच्या प्रश्नावर अडू नका, पुढे जा, वेळ उरला तर परत या.