सोन्याचा पिंजरा आणि जस्ताची जाळी

सोन्याच्या पिंजऱ्याची निंदा आपल्या कवींनी व नीतिकारांनी इतक्या परींनी केली आहे की, त्यात बसणाऱ्या पक्ष्याच्या प्रकृतीला सोने मानवते की नाही, या साध्या प्रश्नाकडे लक्ष देण्यास कोणाला सवडच झाली नाही. बाणभट्टाच्या ‘कादंबरी’त शूद्रक राजाच्या सभेत वैशंपायन नावाचा पोपट आणला जातो, तेव्हा त्याच्या हिरव्या अंगकांतीमुळे सोन्याच्या गजांचा पिंजरा पाचूचा भासतो, असे वर्णन आहे. कवीला अभिप्रेत होती ती रंगाची किमया. परंतु रसायनज्ञाला विचारले, तर तो त्या पिंजऱ्याला निराळ्याच कारणासाठी पसंती देईल, कारण सोने गंजत नाही, कळकत नाही आणि पक्ष्याच्या पोटातील आम्लात विरघळतही नाही. पोपटाच्या निवासाचा इतिहास हा या निरुपद्रवी धातूकडून स्वस्त आणि सदोष जिनसांकडे झालेल्या उतरणीचा इतिहास आहे, असे माझे मत आहे.

अंगणात, मोकळ्या हवेत, ऐसपैस पक्षिगृह बांधण्याची हौस रोमन लोकांची. तिचे जनकत्व प्लिनीने ब्रुंडिसियम येथील लीनियस स्त्राबो या गृहस्थाकडे दिले असून, ज्यांना निसर्गाने आकाश बहाल केले त्यांना कैदेत घालण्याची रीत याच्यापासून पडली, असा शेराही मारला आहे. इसवी सनापूर्वी 37 मध्ये व्हॅरोने शेतीवर जो ग्रंथ लिहिला, त्यात त्याने कासिनम येथील आपल्या पक्षिगृहाचे मोठ्या अभिमानाने वर्णन केले आहे. तेथे खांबांच्या दरम्यान जाळी ताणलेली होती, पण ती वाखाची आणि तातीची. गाणाऱ्या चिमुकल्या पाखरांना ती पुरत असे. पोपटाने ती एका दुपारीत कातरून टाकली असती. म्हणूनच हिंदुस्थानातून समुद्रमार्गे येणाऱ्या पोपटांसाठी श्रीमंतांना धातूचा आश्रय घ्यावा लागला. मेलिओर नावाच्या धनिकाचा पोपट मेला, तेव्हा कवी स्टॅटियसने त्यावर विलापिका रचली, आणि तिच्यात हस्तिदंताने सांधलेल्या चांदीच्या गजांचा उल्लेख आवर्जून केला.

आपल्याकडे पोपट राजवाड्यात होता तो केवळ मनोरंजनासाठी नव्हे. सर्पाची किंवा विषाची शंका येताच पोपट आणि मैना ओरडू लागतात, असे कौटिल्याने सांगून ठेवले आहे. ज्या पक्ष्याकडे विषाची वर्दी देण्याची कामगिरी सोपवली, त्याच पक्ष्याला पुढे आपल्या घराच्या तारेतूनच विष मिळावे, हा इतिहासाचा विचित्र न्याय होय. मोगल अमदानीकडे वळले, तर बाबराने आपल्या आत्मचरित्रात एका सरदाराकडून ऐकलेली हकिकत नोंदवली आहे : झाकलेल्या पिंजऱ्यातील पोपट म्हणाला की, माझ्या तोंडावरचे आवरण काढा, माझा जीव घुसमटतो. बाबराने या हकिकतीच्या खरेपणाची जोखीम सांगणाऱ्यावर टाकून आपण नामानिराळा राहण्याचे शहाणपण दाखवले. तरी आपल्या निवासाविषयी खुद्द पोपटाने केलेली दुसरी तक्रार इतिहासाच्या दफ्तरात मला तरी सापडलेली नाही.

सामान्य मराठी घरात मात्र सोन्याचांदीची बात कोठली! बुरुडाने विणलेला बांबूचा पिंजरा चार-आठ दिवसांत चोचीने फस्त होई. म्हणून ऐपत असेल तर पितळेचा आणि नसेल तर लोखंडी तारेचा पिंजरा ओसरीवर टांगला जाई. ताक किंवा चिंचेची आमटी कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात कळकते, हे त्या घरातील प्रत्येक गृहिणीला ठाऊक होते. पण पितळेत तांब्याबरोबर जस्तही असते आणि विठू आपल्या चोचीने तेच गज दिवसभर चघळत बसतो, याचा मेळ तिने कधी घातला नाही. तिला दोष देण्यात अर्थ नाही, कारण तो मेळ पशुवैद्यांनीही फार उशिरा घातला.

खरे संकट आले ते जाळी स्वस्त झाल्यावर. पॅरिसच्या स्तानिस्लास सोरेलने 1837 मध्ये लोखंडावर वितळलेल्या जस्ताचा लेप चढवण्याच्या कृतीचे एकस्व घेतले, आणि 1844 मध्ये नॉर्विचच्या चार्ल्स बार्नार्डने कापडाच्या मागाचे तत्त्व तारेला लावून जाळी विणणारे यंत्र सिद्ध केले. या दोन शोधांच्या संयोगातून ती षट्कोनी छिद्रांची जाळी जन्मली, जिने पुढे जगभरची खुराडी वेढून टाकली. कोंबडी तार टोचते आणि सोडून देते. पोपट मात्र चोचीचा तिसऱ्या पायासारखा उपयोग करून तारेवरून चढतो, उतरतो, आणि फावल्या वेळी तिच्यावरचे जस्ताचे थेंब व पांढरी भुकटी खरवडतो. ते कण पोटात विरघळतात. पक्षी उलट्या करतो, मलूल होतो, खंगतो आणि अनेकदा मरतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चात्त्य पशुवैद्यांनी या व्याधीला नव्या तारेचा रोग असे नाव दिले. जाळी शिरक्याने घासून धुतल्यास आणि काही काळ उन्हापावसात ठेवल्यास सैल भुकटी कमी होते. धोका सर्वस्वी नाहीसा होतो असे मात्र नाही.

लाकडाची कथा याहून आपल्या जवळची आहे. पावसात कुजू नये आणि वाळवी लागू नये म्हणून तांबे, क्रोमियम व आर्सेनिक यांची संयुगे लाकडात मुरवण्याची पद्धत 1933 मध्ये डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत सोंटी कामेसन या भारतीय शास्त्रज्ञाने शोधून काढली. ‘आस्कू’ या नावाने ती विकली गेली आणि खांबांसारख्या कामात तिने लाकडाचे आयुष्य कितीतरी वाढवले. हा शोध खरोखर गौरवास्पद आहे. तरी अमेरिकेत 2003 च्या अखेरीस घरगुती बांधकामातून असे लाकूड मागे घेण्यात आले, आणि जो पक्षी खांब कुरतडूनच दिवस घालवतो त्याच्या घरात आर्सेनिक मुरवलेला वासा घालणे हे तर उघड अविचाराचे आहे. जुन्या रंगातील शिश्याचीही गोष्ट तीच : घरगुती रंगांतील शिश्यावर आपल्याकडे कडक मर्यादा लागू झाली ती 2017 मध्ये, म्हणून त्यापूर्वी रंगवलेले दरवाजे आणि चौकटी पक्षिगृहासाठी पुन्हा वापरणे टाळावे.

शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीने 1913 मध्ये न गंजणारे पोलाद तयार केले, तेव्हा बाणभट्टाच्या सोन्याचा गुण प्रथमच मध्यमवर्गाच्या आटोक्यात येऊ लागला. त्याची जाळी जस्ताच्या जाळीहून बरीच महाग पडते, आणि बहुतेक लोक येथेच हात आखडतात. बसण्यासाठी फवारा न मारलेल्या पेरूच्या फांद्या द्याव्यात, शोभेसाठी जवळ कण्हेर लावू नये, आणि मांजर व साप यांचा बंदोबस्त म्हणून जोते पक्के बांधावे. परंतु या सर्व तजविजी परदेशी पोपटांपुरत्या. आपला देशी पोपट पकडणे, विकणे किंवा पाळणे वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. परदेशी पक्ष्यासाठीही ज्याला पोलादी जाळीचा खर्च सोसत नसेल, त्याने पक्षिगृहाचा बेत खुशाल रहित करावा.